चित्रकाराच्या घरी : औंधचा शरद

वर्षाऋतू संपला की शरद येतो हे पंचांगावरून सर्वांनाच कळते. परंतु तो कसा येतो हे पाहावयाचे असेल तर शहराची वेस ओलांडून बाहेर पडावे लागते. युरोप-अमेरिकेतील शरद झाडांवर दिसतो. तेथे पाने प्रथम पिवळी, मग तांबडी, मग किरमिजी होतात आणि अखेर गळून पडतात. म्हणून तिकडील कवींना आणि चित्रकारांना हा ऋतू निरोपाचा वाटत आला आहे. आपला शरद तसा नाही. आपली झाडे या दिवसांत हिरवीगार असतात आणि रंग चढतो तो भुईवर. चार महिन्यांच्या पावसाने हवेतील धूळ खाली बसवलेली असते, आकाश धुऊन काढलेले असते, आणि त्यामुळे ऊन असे स्वच्छ पडते की एक कोसावरील टेकडीची कडाही हातावरील रेषेसारखी स्पष्ट दिसावी. रंग नवे उगवतात हे जितके खरे, तितकेच जुने रंग या दिवसांत प्रथमच नीट दिसू लागतात हेही खरे.

सातारा जिल्ह्याला या शरदाची दोन निरनिराळी रूपे लाभली आहेत. साताऱ्याच्या पश्चिमेस कासचे पठार आहे. तेथील कातळावर मातीचा थर इतका पातळ की मोठे झाड मूळ धरू शकत नाही. पण भाद्रपदापासून त्याच कातळावर तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे अशा चिमुकल्या फुलांचे गालिचे पसरतात. या पठारासह पश्चिम घाटाच्या काही भागांस २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. तेव्हापासून तेथे प्रेक्षकांची एवढी दाटी होते की फुलांचे रक्षण कसे करावे हीच चिंता उत्पन्न झाली. दुसरे रूप जिल्ह्याच्या पूर्वेस, खटाव-माणच्या बाजूस पाहावयास मिळते. सह्याद्रीने ढगांतील बहुतेक पाणी पश्चिमेसच उतरवून घेतलेले असते. पूर्वेकडे येतात ते रिकामे ढग. हा मुलूख दुष्काळाचा. परंतु आश्विनात येथेही रंगांचा उत्सव होतो. कारळ्याची पिवळी शेते, बांधावरचा तरवड, अंगणातील झेंडू, खळ्यावर टाकलेली बाजरीची करडी कणसे आणि मधूनमधून काळी उघडी जमीन, जी शाळू पेरण्यासाठी नुकतीच नांगरली गेली आहे. कासचा रंग देवाघरचा, येथील रंग बहुतांशी माणसाच्या कष्टाचा.

दसरा-दिवाळीच्या या दिवसांत एकमेकांच्या घरी जाण्याची आपली रीत फार जुनी आहे. आपट्याची पाने देण्याचे निमित्त असते, खरे कारण भेटीचे. अशा भेटींत ज्याच्या घरी चित्रे आहेत, वाद्ये आहेत, ग्रंथ आहेत, अशा स्नेह्याच्या घरी जाण्याचा आनंद काही निराळाच असतो. तेथून परतताना पाहुण्याची दृष्टी किंचित बदललेली असते. येताना जे नुसते झाड होते ते जाताना हिरव्याच्या सात छटा दाखवू लागते. असे एक घर याच दुष्काळी मुलखात आहे. तो घरमालक आज हयात नाही, परंतु घर उघडे आहे, आणि पाहुण्याला ओळखीची चिठ्ठी लागत नाही. ते घर म्हणजे खटाव तालुक्यातील औंध.

साताऱ्याहून रहिमतपुरावरून औंध सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पडते. गावात शिरण्यापूर्वीच यमाईचा डोंगर दिसू लागतो. डोंगराच्या माथ्यावर देवीचे मूळपीठ, पायथ्याशी गाव, आणि अर्ध्या चढावर एक शांत, बैठी इमारत. डोंगर चढणारे भाविक देवीच्या दर्शनास निघालेले असतात. त्यांतील कितीतरी जण वाटेत या इमारतीपाशी दम खाण्यास थांबतात आणि आत डोकावतात. हेच श्रीभवानी चित्रसंग्रहालय. १९३८ साली औंधचे त्या वेळचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते उभारले. जागेची निवडच मोठी मार्मिक आहे. राजवाड्याच्या आत संग्रह ठेवला असता तर तो सरदार-दरकदारांनी पाहिला असता. देवीच्या वाटेवर ठेवल्यामुळे तो डोक्यावर पाटी घेतलेल्या शेतकरणीनेही पाहिला.

आत गेल्यावर पाहुणा प्रथम चकित होतो, कारण बाहेरच्या उघड्या माळाशी या दालनांचा मेळ बसत नाही. राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे येथे आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या परंपरेतील थोर चित्रकारांची कामे आहेत. राजपूत, पहाडी आणि दख्खनी शैलींची जुनी लघुचित्रे आहेत. हस्तिदंत, चंदन आणि धातू यांवरील कोरीव काम आहे. हेन्री मूर या विख्यात इंग्रज शिल्पकाराची माता आणि मूल यांची एक लहानशी दगडी मूर्तीही येथे आहे. विलायतेतील मोठमोठ्या संग्रहालयांनी ज्याचे काम अभिमानाने मांडावे, त्याचे शिल्प खटावच्या डोंगरावर पाहून परदेशी पाहुणेदेखील क्षणभर बुचकळ्यात पडतात. आणि या सर्वांच्या सोबतीला खुद्द घरमालकाच्या हातची चित्रे आहेत.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा, म्हणजे ऐन शरदातला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि १९०९ साली गादीवर आले. त्यांचे राज्य पाचशे चौरस मैलांचे, बहात्तर गावांचे. लोकवस्ती पाऊण लाखाच्या आसपास. तेही एकसंध नव्हे. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, आणि मध्ये इतरांचा मुलूख. संस्थान सधन नव्हते. परंतु या राजाचे छंद पाहिले तर ते इतर संस्थानिकांच्या छंदांहून अगदी वेगळे होते. पहाटे सूर्यनमस्कार, आणि तेही स्वतः घालून मग प्रजेला सांगावयाचे; चित्रे काढावयाची; आणि प्रसंगी कीर्तनास उभे राहावयाचे. त्यांनी रामायण चित्रांतून मांडले. वेरूळ आणि अजिंठा येथील लेण्यांवर अनुक्रमे १९२९ आणि १९३२ साली इंग्रजीत माहितीचे ग्रंथ प्रसिद्ध केले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करावी म्हणून १९१८ साली त्यांनी एक लक्ष रुपयांचे वचन दिले, आणि त्या आवृत्तीसाठी स्वतः चित्रेही रंगविली. ते प्रचंड कार्य १९६६ साली पुरे झाले. तेव्हा वचन देणारा हयात नव्हता.

चित्रकार म्हणून बाळासाहेबांची गणना पहिल्या पंक्तीत होत नाही, हे मोकळेपणाने सांगितलेले बरे. त्यांची चित्रे कथा सांगतात, प्रसंग स्पष्ट करतात, कीर्तनकाराने आख्यान रंगवावे तशी ती बोलतात; परंतु रविवर्म्याच्या चित्रातील त्वचेचे तेज किंवा धुरंधरांच्या रेषेतील चपळाई तेथे शोधू नये. तथापि त्यांचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. ज्याला स्वतःला थोडे चित्र काढता येते आणि आपण थोर नाही हेही कळते, त्याच्यासारखा रसिक दुसरा नसतो. आपल्या चित्रांशेजारी आपल्याहून सरस चित्रे टांगण्याचे धैर्य त्यालाच होते.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळण्यासारखा नाही. ज्या मुलखात तीन वर्षांत एकदा पाऊस दगा देतो, जेथे पिण्याच्या पाण्यासाठी बायका मैल मैल चालतात, तेथे रविवर्म्याची चित्रे आणि हस्तिदंती मूर्ती कशासाठी? त्या पैशांत विहिरी झाल्या नसत्या काय? हा प्रश्न विचारणारा मनुष्य दुष्ट नसतो; पुष्कळदा तो सहृदयच असतो. त्याला केवळ कलेची थोरवी सांगून गप्प करणे योग्य नव्हे. उत्तर द्यावयाचे तर त्या घराचा आणखी काय उपयोग झाला हे पाहिले पाहिजे. आणि त्यासाठी घरमालकापेक्षा त्याच्या मित्रांकडे पाहणे बरे. मनुष्याची परीक्षा त्याच्या मित्रांवरून होते ही म्हण जुनी असली तरी येथे ती अक्षरशः लागू पडते.

त्यांचे एक स्नेही पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. जन्म १८६७ चा, सावंतवाडी संस्थानातील कोलगावचा. वेदमूर्ती घराण्यातील हा मुलगा मुंबईच्या कलाशाळेत गेला, तेथे मेयो पदक मिळवून चित्रकार झाला, आणि प्रथम हैदराबाद व पुढे लाहोर येथे त्याने चित्रशाळा थाटून नाव आणि पैसा दोन्ही मिळविले. लाहोरात त्यांच्या कुंचल्याला श्रीमंतांची मागणी होती. असा मनुष्य १९१८ साली सर्व मांडामांड मोडून औंधास आला. येथे त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापिले, वेदांची शुद्ध आणि स्वस्त संस्करणे छापली, ‘पुरुषार्थ’ मासिक चालविले, आणि कुंचला जवळजवळ बाजूस ठेवला. राजाला चित्रकार हवा असता तर चित्रकाराने पोथ्या छापलेल्या त्याला रुचल्या नसत्या. बाळासाहेबांना मित्र हवा होता. म्हणून मित्राने मार्ग बदलला तरी घराचे दार बंद झाले नाही. पंडितजींचे चिरंजीव माधवराव पुढे नामांकित चित्रकार झाले. बापाने खाली ठेवलेला कुंचला मुलाने याच गावात उचलला.

दुसरे स्नेही लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांची कथा तर अधिकच विलक्षण आहे. जन्म १८६९ चा, बेळगावाजवळच्या गुर्लहोसूरचा. म्हणजे सातवळेकर, पंतप्रतिनिधी आणि किर्लोस्कर हे तिघे ओळीने एकेका वर्षाच्या अंतराने जन्मले. लक्ष्मणरावांना लहानपणापासून दोनच गोष्टींचे वेड, चित्रे आणि यंत्रे. वडिलांची नाखुशी पत्करून १८८५ साली ते त्याच कलाशाळेत दाखल झाले. रेखाटनात त्यांचा हात उत्तम होता. परंतु रंग भरण्याची वेळ आली तेव्हा अघटित उघडकीस आले. त्यांना रंगांतील काही भेद कळतच नव्हते. चित्रकार होण्यासाठी घर सोडून आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आंशिक रंगांधत्व आहे, असे निदान झाले.

रंगांधत्व या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. असा मनुष्य सर्व जग काळेपांढरे पाहतो असे नव्हे. आपल्या डोळ्याच्या आतील पडद्यावर रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांतील एखादा प्रकार नसला किंवा सदोष असला म्हणजे काही रंगांच्या जोड्या एकमेकींत मिसळून जातात. तांबडा आणि हिरवा यांची गल्लत ही त्यांतील सर्वांत नेहमीची. हा दोष बहुधा आनुवंशिक असतो, आणि ज्या गुणसूत्रावर तो बसलेला असतो ते पुरुषांत एकच असल्यामुळे स्त्रियांपेक्षा पुरुषांत फार अधिक आढळतो. इंग्लंडातील थोर रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ साली स्वतःच्याच डोळ्यांच्या या दोषावर निबंध वाचला, तोपर्यंत विद्वानांनाही याची नीटशी कल्पना नव्हती. डाल्टन यांना ते कळले एका फुलावरून. दिवसा एका रंगाचे दिसणारे फूल मेणबत्तीच्या उजेडात त्यांना अगदी भलत्याच रंगाचे दिसले, आणि इतरांना मात्र तसा फरक जाणवेना.

आता विचार करावा. ज्या आश्विनातील दिवसाचे वर्णन आरंभी केले, त्या दिवशी झेंडूच्या शेताकडे दोन मनुष्ये पाहत आहेत. एकाला हिरव्या पानांवर केशरी अंगार फुललेला दिसतो. दुसऱ्याला त्याच शेतात फूल कोठे संपते आणि पान कोठे सुरू होते हे केवळ आकारावरून ओळखावे लागते. ऋतू एकच, ऊन एकच, शेत एकच. परंतु दोघांच्या वाट्याला येणारा शरद वेगळा. अशा दोघांत कलेची मैत्री होऊ शकेल काय?

लक्ष्मणरावांनी रंग सोडला, रेषा सोडली नाही. ते यंत्ररेखनाकडे वळले, त्यात प्रवीण झाले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. यंत्राच्या आराखड्यात रंगाचे काम नसते. तेथे रेषा खरी असावी लागते. १८८८ साली बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान निघाले होते. त्या दुकानातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर निघाले. १९०३ च्या सुमारास बाजारात आलेला तो नांगर घेण्यास शेतकरी आरंभी तयार होईनात. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी त्यांची समजूत होती. नांगर खपू लागले तोच दुसरे संकट आले. गावाच्या वाढीसाठी बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. त्या वेळी लक्ष्मणरावांकडे औंधच्या देवळातील मंडपाचे काम होते, आणि त्या कामाच्या निमित्ताने बाळासाहेबांचा त्यांच्याशी दाट परिचय झाला होता. चित्रकार राजाने या रंग न दिसणाऱ्या कलावंताला आपल्या संस्थानात बोलाविले. कुंडल रोड या लहानशा स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली. दहा हजार रुपयांच्या कर्जाचीही सोय झाली. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा प्रारंभ झाला.

ती जमीन म्हणजे केवळ खडकाळ माळ होता. सर्वत्र निवडुंग, त्यात सापांचे वारूळ, पाणी दूर. पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे तेथे राहावयास आली, त्यांनी निवडुंग तोडला, झोपड्या घातल्या आणि भट्टी पेटविली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे आपल्या आत्मचरित्राच्या इंग्रजी नावातच त्या निवडुंगाची आठवण ठेवली आणि त्याच्या जोडीला गुलाब ठेवला. कारण कारखान्याबरोबर तेथे रस्ते झाले, शाळा झाली, बागा झाल्या. ज्याला गुलाबाचा रंग इतरांसारखा दिसत असेल की नाही याची शंका, त्याने माळावर गुलाब फुलविले. तेथूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. त्यानंतर १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’. एका नांगराच्या कारखान्याने मराठी सुशिक्षित घरांना तीन मासिके दिली, आणि त्यांतील चित्रांनी व मुखपृष्ठांनी कितीतरी मुलांना रंगांची पहिली ओळख करून दिली. त्यांचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते.

विहिरी की चित्रे, या आक्षेपाचे उत्तर येथे मिळू लागते. चित्रे जमविणाऱ्या मनुष्यानेच नांगराला जागा दिली. हे दोन निरनिराळे गुण नव्हते. दुसऱ्याच्या हातात काय आहे हे ओळखण्याची दृष्टी तीच, मग त्या हातात कुंचला असो की हातोडा. ज्याने बेळगावच्या त्या कारागिराकडे केवळ कंत्राटदार म्हणून पाहिले असते, त्याने मंडप बांधून घेतला असता आणि हिशेब चुकता केला असता. आक्षेपाचा थोडा अंश मात्र शिल्लक राहतो हे मान्य केले पाहिजे. औंधच्या परिसरातील पाण्याची वाण बाळासाहेबांच्या काळात संपली नाही, आणि त्यांच्यानंतरही बराच काळ संपली नाही. सौंदर्याने तहान भागत नाही. परंतु सौंदर्य काढून टाकले म्हणजे विहिरीला पाणी लागते असाही अनुभव नाही.

१९३८ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, या घरमालकाने घरातील सर्वांत मोठी वस्तू देऊन टाकली. ती म्हणजे राजसत्ता. चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडमधून हिंदुस्थानात आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या साह्याने आणि महात्मा गांधींच्या सल्ल्याने एक राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. गावोगाव पंचायती झाल्या आणि कारभार लोकांच्या हाती गेला. त्याच सुमारास आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत निघाली. तेथे जन्मठेपेचे कैदी भिंतींवाचून राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या बोलपटाचे मूळ त्या प्रयोगात आहे. याच संस्थानाच्या शाळांतून ग. दि. माडगूळकर शिकले, साने गुरुजीही विद्यार्थिदशेत काही काळ औंधास राहिले. गरिबाच्या मुलाला शिकण्यासाठी औंधास जाता येते, अशी त्या काळी ख्याती होती. आटपाडीच्या बाजूने पुढे आलेले व्यंकटेश माडगूळकर लेखक होते तसेच चित्रकारही होते, हे येथे सहज आठवते.

या घराने दुःखही पाहिले. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात जाळपोळीची लाट उसळली. तिची झळ किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास लागली. पंडित सातवळेकरांना तीस वर्षांचा संसार आवरून औंध सोडावे लागले. ते गुजरातेत पारडी येथे गेले आणि ऐंशी वर्षांच्या वयात त्यांनी स्वाध्याय मंडळाचा पुन्हा श्रीगणेशा केला. ज्या गांधीजींच्या सल्ल्याने येथे राज्य लोकांच्या हाती दिले गेले, त्यांच्याच मृत्यूनंतर या मित्रमंडळाची अशी पांगापांग व्हावी हा दैवदुर्विलास होय. ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढच्या वर्षी दक्षिण सातारा हा नवा जिल्हा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. औंध साताऱ्यात राहिले. आटपाडी आणि कुंडल सांगलीत गेले. बाळासाहेब १९५१ मध्ये, लक्ष्मणराव १९५६ मध्ये आणि पंडितजी शंभरी ओलांडून १९६८ मध्ये निवर्तले. राज्य गेले, मित्र गेले. डोंगरावरील चित्रे मात्र जेथे होती तेथेच राहिली. आता तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालय विभागाकडे आहे.

श्रोतेहो, या घरी जावयाचे तर दिवस कोणता निवडावा, असे कोणी विचारील. आश्विन वद्य पंचमीचा निवडावा. त्या सुमारास कासची फुले ओसरलेली असतात, पण खटावच्या शेतांवर रंग असतो, आणि रात्री औंधास गाणे असते. औंध दरबारचे गायक अनंत मनोहर ऊर्फ अंतूबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली येथे संगीतोत्सव सुरू केला. अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. ग्वाल्हेरची गायकी ज्या बुवांनी महाराष्ट्रात आणली त्यांच्या तालमीतले. अंतूबुवांचे चिरंजीव गजाननबुवा गायक होते तसेच व्हायोलिनवादकही, आणि पुढील काळात त्यांनी हा उत्सव वाढविला. संस्थान राहिले नाही, दरबार राहिला नाही. उत्सव चालू राहिला. मोठमोठे गवई या आडगावात येऊन गातात आणि श्रोते सतरंजीवर बसून पहाटेपर्यंत ऐकतात.

त्या मैफलीत जे तंबोरे वाजतात, त्यांचे माहेर बहुधा मिरज असते. मिरजेतील शिकलगार मंडळी एके काळी तलवारींना धार लावीत आणि शस्त्रे घडवीत. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि त्यांच्या घराण्याने सतार-तंबोरे घडविण्यास प्रारंभ केला. पंढरपुराकडील कडू भोपळे आणून, वाळवून, कापून, त्यांवर लाकडाची दांडी चढवून तो नाद बांधला जातो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तलवारीचा कारागीर तंबोऱ्याकडे वळतो, चित्रकार वेदांकडे वळतो, रंग हरवलेला विद्यार्थी नांगराकडे वळतो. या मुलखाने हातातील कसब वाया जाऊ दिले नाही. एक वाट बंद झाली तर दुसरी दाखविणारा कोणी ना कोणी भेटला, ही येथील खरी संपत्ती.

आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एखादा तरी कलावंत असतो. तो फार मोठा असेलच असे नाही. त्याच्या घरी गेल्यावर चित्र चांगले आहे एवढे बोलून आपण चहा घेतो आणि परततो. बाळासाहेबांचे घर याहून थोडे अधिक शिकविते. मित्राची कला नीट पाहावी. ती थांबली असेल तर का थांबली हे विचारावे. आणि त्याच्या हातांना दुसरे काय साधेल याचा त्याच्याबरोबर बसून विचार करावा. बत्तीस एकर जमीन देणे सर्वांना शक्य नाही, पण एक संध्याकाळ देणे सर्वांनाच शक्य असते. आणि मुलांना घेऊन एकदा तो डोंगर चढावा. रविवर्म्याची चित्रे त्यांना आवडतील. परंतु त्याबरोबर खालच्या नांगरलेल्या काळ्या शेताकडेही त्यांचे लक्ष वेधावे, आणि त्या शेतातून जो लोखंडी फाळ पहिल्याने फिरला तो आखणाऱ्याला रंग नीट दिसत नव्हते, हे त्यांना अवश्य सांगावे.